रिपोर्टमध्ये 'एस/एस' आलंय, म्हणजे डिप्रेशन होणारच का? सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरच्या जीनबद्दल जरा सविस्तर

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्या ताई चौतीस वर्षांच्या आहेत, त्यांनी घरबसल्या लाळेचा नमुना पाठवून एक वेलनेस डीएनए टेस्ट केली, रिपोर्टमध्ये लाल चौकटीत आलं की "एसएलसी६ए४ जीन, एस/एस, सेरोटोनिन कमी, डिप्रेशनचा धोका जास्त, नेहमीच्या गोळ्यांना प्रतिसाद कमी". आईला बरीच वर्षं डिप्रेशनची गोळी चालू आहे. स्वतःला गेले दोन महिने झोप नीट लागत नाही, कशात मन लागत नाही. आणि त्यांना विचारायचंय की मेंदूत खरंच सेरोटोनिन कमी आहे का, गोळ्या लागू पडणार नाहीत का, आणि आठ वर्षांच्या मुलीचीही टेस्ट करून घ्यायची का.

मी सायकियाट्रिस्ट आहे, बरीच वर्षं प्रॅक्टिस करतेय, आणि असे रिपोर्ट फाइलला लावून येणारे लोक आता वाढलेत, त्यामुळे सरळ उत्तर आधी देते. तुमचा एस/एस हा निकाल बहुतेक बरोबर असेल, लॅब तेवढं नीट वाचते. पण त्याच्यापुढे जो अर्थ छापलाय तो चुकीचा आहे. एस/एस म्हणजे मेंदूत सेरोटोनिन कमी असं नाही, डिप्रेशन होणार असं तर अजिबात नाही, आणि गोळी लागू पडेल की नाही हे त्यावरून ठरत नाही. उलट "दोन महिने झोप नाही, मन लागत नाही, आईला डिप्रेशन आहे" हे जे तुम्ही सहज एका ओळीत लिहून पुढे गेलात ना, डॉक्टर म्हणून माझं लक्ष तिथे अडकलं. त्याच्याकडे शेवटी येते.

आता जीन नक्की करतो काय ते बघू, कारण ते कळलं की रिपोर्टमधली गडबड तुमची तुम्हालाच दिसेल.

मेंदूत सेरोटोनिन बनवणाऱ्या चेतापेशी फार थोड्या असतात. काही लाखच, आणि त्याही बहुतेक सगळ्या मेंदूच्या बुंध्यात, मधल्या रेषेवर, राफे न्यूक्लियाय नावाच्या गटांमध्ये. पण त्यांचे धागे इतके लांब आणि इतके फाटे फुटलेले असतात की मेंदूचा जवळजवळ प्रत्येक भाग त्यांच्या हद्दीत येतो, म्हणून झोप, भूक, वेदना, मूड, चिडचिड सगळ्यातच सेरोटोनिनचं नाव येत राहतं. जेवणातून मिळणारं ट्रिप्टोफॅन रक्तातून मेंदूत जातं, पेशी त्याचं सेरोटोनिन करते, छोट्या पिशव्यांत भरून ठेवते, आणि सिग्नल आला की बाहेर सोडते. बाहेर सोडलेलं सेरोटोनिन समोरच्या पेशीच्या रिसेप्टरला चिकटतं, काम झालं की सुटतं, आणि मग त्याला तिथून हलवावं लागतं, नाहीतर पुढचा सिग्नल वेगळा कसा कळणार. हे हलवायचं काम करणारं प्रोटीन म्हणजे सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर, त्याला सर्ट म्हणतात. ज्या पेशीने सोडलं तिच्याच पोटात तो सेरोटोनिन परत ओढून घेतो. आत गेलं की काही परत पिशवीत भरलं जातं आणि काही मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम मोडून टाकतं.

हा सर्ट जरा जवळून बघण्यासारखा आहे. ६३० अमिनो आम्लांची साखळी, पेशीच्या पडद्यातून बारा वेळा आरपार शिवल्यासारखी गेलेली, आणि मधोमध एक खोबण. सुरुवातीला खोबण बाहेरच्या बाजूला उघडी असते. बाहेर सोडियम भरपूर, आत कमी, त्यामुळे सोडियम आत यायला बघतो, आणि या उताराचाच फायदा सर्ट घेतो. सोडियम आणि क्लोराइड खोबणीत बसतात, त्यांच्याबरोबर सेरोटोनिनचा रेणू बसतो, मग प्रोटीनचा आकार बदलतो, बाहेरची बाजू मिटते, आतली उघडते, आणि तिघंही पेशीच्या आत सुटतात. मग आतला एक पोटॅशियम खोबणीत बसतो, त्याच्या जोरावर प्रोटीन पुन्हा बाहेरच्या बाजूला तोंड करतं, पोटॅशियम बाहेर पडतो आणि नवीन फेरी सुरू. एकावेळी एकच रेणू. आयन चॅनलच्या, म्हणजे पडद्यातल्या सरळ उघडणाऱ्या दारांच्या मानाने हे काम अगदीच संथ आहे, म्हणून पेशीच्या पृष्ठभागावर असे ट्रान्सपोर्टर किती आहेत याला महत्त्व येतं. आणि ही संख्या काही जन्मभरासाठी ठरलेली नसते बरं का, पेशी गरजेप्रमाणे ट्रान्सपोर्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेते, परत बाहेर पाठवते, हे मिनिटांच्या हिशोबात चालू असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

याच खोबणीत एस्सिटॅलोप्रॅम, पॅरोक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटीन या डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या जाऊन बसतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एरिक गूओ यांच्या लॅबने माणसाच्या सर्टचं एक्स-रे चित्रच काढलं, पॅरोक्सेटीन आणि एस्सिटॅलोप्रॅम आत अडकलेलं असताना, त्यात स्पष्ट दिसतं की गोळीचा रेणू मधल्या जागेत बसून प्रोटीनला बाहेर-उघड्या अवस्थेतच जखडून ठेवतो. फेरी पूर्णच होत नाही.

आता जीन. सर्ट बनवायची माहिती असलेला जीन म्हणजे तुमच्या रिपोर्टमधला एसएलसी६ए४, तो असतो १७ नंबरच्या क्रोमोसोमवर. माणसाचा हा जीन १९९३ मध्ये वेगळा काढला गेला, त्या पेपरचे पहिले लेखक आपल्याकडचे, सम्मंदा राममूर्ती, आणि गंमत म्हणजे तो मेंदूतून नाही, वारेतून मिळवला होता, कारण वारेच्या पेशींवरही सर्ट भरपूर असतो. आतड्यात असतो, फुप्फुसात असतो, रक्तातल्या प्लेटलेटवर असतो. मेंदूपुरता तो कधीच नव्हता.

प्रत्येक जीनच्या आधी डीएनएचा एक पट्टा असतो, प्रमोटर. प्रोटीन कसं असेल ते जीन सांगतो, किती बनवायचं हे बऱ्याच अंशी प्रमोटर ठरवतो. एसएलसी६ए४ च्या प्रमोटर भागात एक जागा आहे जिथे साधारण २०-२२ अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. काही लोकांत तो १४ वेळा येतो, काहींत १६ वेळा. १४ वाला शॉर्ट म्हणजे एस, १६ वाला लाँग म्हणजे एल. फरक किती, तर सुमारे ४४ अक्षरांचा. या जागेला ५-एचटीटीएलपीआर असं लांबलचक नाव आहे. तुम्हाला एक व्हर्जन आईकडून आणि एक वडलांकडून मिळतं, तुम्हाला दोन्हीकडून एस आलंय, म्हणून एस/एस.

इथे लोक फार घाबरतात, "माझा जीन शॉर्ट आहे, अर्धवट आहे" असं पेशंट मला म्हणतात तेव्हा वाईट वाटतं, कारण तसं काहीच नाहीये. एस/एस माणसाचा सर्ट आणि एल/एल माणसाचा सर्ट, दोन्ही प्रोटीन अक्षर न् अक्षर सारखी. बारा फेऱ्या, खोबण, सोडियम, सगळं तेच. पंखा तोच आहे, रेग्युलेटर एक पॉइंट वेगळ्या जागी आहे इतकंच. आणि ही दुर्मीळ गोष्टही नाही. न्यूझीलंडच्या ज्या अभ्यासाबद्दल पुढे सांगणार आहे त्यात दोनतृतीयांशाहून जास्त लोकांकडे निदान एक एस होताच. पूर्व आशियात, म्हणजे जपान-चीनकडे, एस हेच जास्त आढळणारं व्हर्जन आहे, तिथे सत्तर टक्क्यांच्या वर जातं, आणि तरी तिथे डिप्रेशन त्या हिशोबात वाढलेलं दिसत नाही.

रेग्युलेटरचा फरक किती पडतो? १९९६ मध्ये जर्मनीतल्या व्युर्झबुर्गच्या क्लाउस-पेटर लेश आणि अमेरिकन सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या लोकांच्या रक्तातल्या पेशी लॅबमध्ये वाढवून मोजलं, तर एल/एल पेशी एस असलेल्या पेशींपेक्षा साधारण दुप्पट सेरोटोनिन आत ओढत होत्या. मग त्यांनी ५०५ लोकांच्या स्वभावाच्या प्रश्नावल्या तपासल्या, आणि एस असलेल्यांमध्ये काळजी करण्याचा स्वभाव थोडा जास्त निघाला. थोडा म्हणजे किती, तर लोकांलोकांत जो फरक असतो त्यातला तीन-चार टक्के या एका जागेमुळे, असं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. तीन-चार टक्के. हा आकडा पेपरमध्ये होता, बातम्यांत मात्र "चिंतेचा जीन सापडला" एवढंच उरलं.

पुढे अजून एक गुंता निघाला, की एल व्हर्जनमध्येसुद्धा एका अक्षराचा फरक असतो, आणि एलचा एक प्रकार लॅबमध्ये एससारखाच वागतो. म्हणजे नुसतं एस का एल एवढंच सांगणारा रिपोर्ट मुळातच अर्धा. आणि हे सगळं पेट्रीडिशमधल्या रक्तपेशींबद्दल झालं. जिवंत माणसाच्या मेंदूत सर्ट किती आहेत हे पेट स्कॅनने मोजता येतं, तसं मोजून एस आणि एल वाल्यांची तुलना बऱ्याच टीमनी केली, कुठे फरक दिसला, कुठे दिसलाच नाही. मघाशी म्हटलं ना, पेशी स्वतःच ट्रान्सपोर्टरची संख्या वरखाली करत असते, शिवाय प्रमोटरवर हुकूम चालवणाऱ्या इतर पन्नास गोष्टी असतात, त्यामुळे डिशमधला दुप्पट फरक डोक्यात दुप्पट राहत नाही.

आता ज्या मुद्द्यावर रिपोर्ट लिहिणाऱ्याने सगळा घोळ घातलाय तिथे येऊ. तुम्ही स्वतःच नीट विचार करा. एस म्हणजे ट्रान्सपोर्टर जरा कमी. ट्रान्सपोर्टर कमी म्हणजे सेरोटोनिन परत आत ओढण्याचा वेग कमी. म्हणजे पेशीबाहेर सेरोटोनिन जास्त वेळ राहणार. मग "सेरोटोनिन कमी" कुठून आलं? आणि पुढे बघा, डिप्रेशनची गोळी काय करते, तर ट्रान्सपोर्टर अडवते. म्हणजे एस व्हर्जन जे जन्मापासून थोडंसं करतंय तेच गोळी मोठ्या प्रमाणात करते. मग एस वाल्यांना धोका कमी हवा, जास्त कसा? हा प्रश्न मला शिकत असतानाही छळायचा आणि सगळ्या क्षेत्रालाच बरीच वर्षं छळला.

याचं सगळ्यात चांगलं उत्तर उंदरांकडून आलं. ज्या उंदरांत हा जीन पूर्ण बंद केला ते मोठेपणी शांत नाही, उलट जास्त घाबरट निघतात. मग २००४ मध्ये न्यूयॉर्कला मार्क अन्सोर्ग आणि जे गिंग्रिच यांच्या टीमने वेगळा प्रयोग केला, साध्या उंदरांच्या पिल्लांना जन्मानंतर चौथ्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत फ्लुऑक्सेटीन दिलं आणि मग बंद केलं. मोठं झाल्यावर, अंगात औषधाचा थेंब नसताना, त्यांची वागणूक बिघडलेली होती, नवीन जागेत हिंडायला कचरायची, त्रासातून सुटका करून घ्यायला वेळ लावायची. म्हणजे ट्रान्सपोर्टर कधी कमी आहे यावर परिणाम अवलंबून आहे. मेंदूची बांधणी चालू असताना सेरोटोनिन हा नुसता निरोप्या नसतो, पेशींनी कुठे वाढायचं, कुठे जोडलं जायचं हे सांगण्यातही त्याचा हात असतो. बांधणीच्या काळात त्याचं प्रमाण वेगळं असलं तर जोडण्या वेगळ्या होतात, आणि मोठेपणी तोच ट्रान्सपोर्टर अडवला तर परिणाम वेगळाच होतो. म्हणून "जीनमुळे कमी, गोळीने भरून काढा" हा हिशोब मुळात तसा चालतच नाही.

(इथे एक गोष्ट कळकळीने सांगते, कारण गरोदर बायका हे वाचून घाबरतील. हा उंदरांचा प्रयोग आहे, तो तुमच्या गोळीला तसाच्या तसा लावू नका. गरोदरपणात उपचार न झालेलं डिप्रेशन आईला आणि बाळाला दोघांनाही घातक असतं. चालू असलेली गोळी वाचनावरून बंद करायची नाही, डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.)

मग "डिप्रेशनचा धोका" हे वाक्य रिपोर्टमध्ये आलं कुठून? ते आलं न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातून. तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा अभ्यास लहानपणापासून चालू आहे, जगातल्या सगळ्यात चिवट अभ्यासांपैकी एक, मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे. २००३ मध्ये अवशलोम कास्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या ८४७ जणांचं बघितलं की २१ ते २६ या वयात आयुष्यात किती धक्के बसले, नोकरी गेली, नातं तुटलं, आजारपण, पैशाची चणचण वगैरे, आणि नंतर डिप्रेशन किती जणांना आलं. ज्यांना चार किंवा जास्त धक्के बसले त्यांत एस असलेल्यांपैकी ३३ टक्क्यांना डिप्रेशन आलं, एल/एल पैकी १७ टक्क्यांना. आणि ज्यांना धक्केच बसले नव्हते त्यांच्यात एस-एलचा काही फरक नव्हता. म्हणजे त्या पेपरमध्येसुद्धा "एस म्हणजे डिप्रेशन" असं कुठेही नव्हतं, एस आणि सोबत मोठे धक्के असं होतं. कल्पना अतिशय सुंदर होती, जीन आणि परिस्थिती हातात हात घालून चालतात, आम्हा सगळ्यांना पटली, कॉन्फरन्समध्ये प्रत्येक दुसऱ्या स्लाइडवर तो ग्राफ असायचा, शिकवलाही गेला वर्षानुवर्षं.

पण टिकली नाही. २००९ मध्ये नील रिश आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यास, चौदा हजारांवर लोक एकत्र केले, तर जीन आणि धक्के यांचा एकत्र परिणाम दिसलाच नाही. धक्क्यांचा परिणाम मात्र ठळक दिसला. २०११ मध्ये दुसऱ्या टीमने ५४ अभ्यास वेगळ्या पद्धतीने जोडले आणि म्हणाले की दिसतो, विशेषतः लहानपणी झालेला छळ किंवा मोठं आजारपण असेल तर. मग भांडण मिटवायला २०१८ मध्ये दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून, आधीच पद्धत लिहून ठेवून, ३८,८०२ लोकांचा डेटा तपासला, आणि ठोस काही हाती लागलं नाही. २०१९ मध्ये रिचर्ड बॉर्डर आणि मॅथ्यू केलर यांच्या टीमने डिप्रेशनसाठी गाजलेले १८ जीन घेतले, त्यात हाही, आणि लाखो लोकांच्या डेटावर तपासले. निकाल असा की हे गाजलेले १८ जीन आणि डोळे मिटून उचललेले इतर कुठलेही जीन यांच्यात फरक नाही. ज्या जागेवर शेकडो पेपर निघाले तिचा डिप्रेशनशी थेट संबंध मोठ्या डेटात सापडत नाही, ही वस्तुस्थिती आहे, आणि तुम्हाला विकलेली टेस्ट त्याच्यानंतरची आहे याचा मला खरंच राग येतो. काही हजार रुपये गेले ते एक, पण एका धडधाकट बाईला स्वतःच्याच मेंदूचा संशय यायला लागला ना.

असं झालं का? कारण छोटे अभ्यास. शंभर-दोनशे लोकांत योगायोगानेही फरक दिसतो, दिसला की पेपर छापला जातो, नाही दिसला तर ड्रॉवरमध्ये राहतो. दुसरं, डिप्रेशन हा एका जीनचा आजारच नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून त्यात अनुवंशिकतेचा वाटा साधारण ३७ टक्के धरतात, पण हा वाटा हजारो जागांवर कणाकणाने वाटलेला आहे. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात आठ लाखांहून जास्त लोक घेतल्यावर १०२ जागा सापडल्या, त्यानंतर लोक वाढवत नेले तशा जागाही वाढत गेल्या, आणि प्रत्येकीचा एकटीचा परिणाम इतका बारीक की एका माणसाच्या रिपोर्टमध्ये छापण्यालायक एकही नाही.

याचा अर्थ हा जीन बिनकामाचा असं मात्र समजू नका. फार थोड्या घराण्यांत या जीनच्या आतल्याच अक्षरात बदल सापडलाय, ४२५ व्या जागेवर आयसोल्युसिनऐवजी व्हॅलिन, त्यामुळे ट्रान्सपोर्टर नेहमीपेक्षा जास्त जोरात चालतो, आणि त्या घरांतल्या बऱ्याच जणांना तीव्र ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार होता. ते वेगळं प्रकरण आहे, तिथे प्रोटीनच बदललेलं असतं. तुमच्या एस/एसचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता गोळ्यांचं. सर्ट अडवणाऱ्या गोळ्या नेहमीच्या डोसला मेंदूतले साधारण ८० टक्के ट्रान्सपोर्टर व्यापतात, पेट स्कॅनवर मोजलेलं आहे. एस वाला असो की एल वाला, काही तासांत ट्रान्सपोर्टर अडतो, आणि तरी बरं वाटायला दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात, कारण त्यानंतर राफेच्या पेशींवरचे स्वतःलाच लगाम घालणारे रिसेप्टर हळूहळू सैल पडतात, पुढे जोडण्या बदलतात, या सगळ्याला वेळ लागतो. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून गोळी सोडणारे मी रोज बघते, आणि हातात असा रिपोर्ट असला तर ते अजून लवकर सोडतात, हा त्या रिपोर्टचा खरा साइड इफेक्ट. २०२३ मध्ये सीपिक या आंतरराष्ट्रीय गटाने, जो जीन बघून औषध कसं द्यायचं याच्या गाइडलाइन्स काढतो, एसएलसी६ए४ चा पुरावा तपासला आणि त्यावरून गोळी किंवा डोस बदलायची शिफारस केलेली नाही.

तुमच्या त्याच रिपोर्टच्या मागच्या पानांवर सीवायपी२सी१९ असं काही असेल तर ते मात्र फाडून टाकू नका. तो लिव्हरमधल्या एन्झाइमचा जीन आहे, एस्सिटॅलोप्रॅम आणि सर्ट्रालीन शरीरातून किती वेगाने बाहेर जातं ते त्यावर बरंच अवलंबून असतं. या जीनचं काम न करणारं व्हर्जन आपल्या भारतीय उपखंडात चांगलंच कॉमन आहे. दोन्ही प्रती तशा असल्या तर साध्या डोसलाही रक्तात औषध जास्त साठतं, मळमळ-अस्वस्थता जास्त होते, मग डोस कमी ठेवावा लागतो किंवा गोळी बदलावी लागते. याच्यासाठी सीपिकची स्पष्ट शिफारस आहे. तरी प्रत्येकाने ही टेस्ट करायलाच हवी असंही नाही, कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवणं हे आपण तसंही करतोच.

"मग रक्तातलं सेरोटोनिन तपासू का" हे विचारणार तुम्ही, सगळे विचारतात. नका तपासू. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात बनतं, रक्तात आलं की प्लेटलेट ते सर्टच्याच मदतीने भरून घेतात, आणि ते मेंदूत जात नाही, मधला रक्त-मेंदू अडसर ओलांडत नाही. रक्ताचा आकडा मेंदूबद्दल काही सांगत नाही. पण प्लेटलेटची ही गोष्ट तुमच्या आईसाठी कामाची आहे. प्लेटलेटला स्वतः सेरोटोनिन बनवता येत नाही, गोळीने सर्ट अडला की तिचा साठा रिकामा होतो, आणि रक्त गोठायला त्याची मदत लागते. त्यामुळे या गोळ्या चालू असताना गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे मेडिकलमधून पेनकिलर आणून महिनोन् महिने खाणाऱ्या आया काही कमी नाहीत. आईंना आज विचारा.

मुलीची टेस्ट? नको. तुम्ही एस/एस आहात म्हणजे एक एस तिला तुमच्याकडून आलेलाच आहे, त्यासाठी टेस्ट कशाला, दुसरं व्हर्जन वडलांकडचं, ते एस असो की एल, त्यावरून तिच्यासाठी आज एकही गोष्ट वेगळी करायची नाहीये. उलट आठ वर्षांच्या पोरीच्या नावापुढे लाल चौकट आली की घरातल्यांची तिच्याकडे बघायची नजर बदलते, रडली की "बघ, तिच्यातही आहे", आणि ते मूल ऐकत असतं.

आता तुमच्या दोन महिन्यांबद्दल. दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळजवळ रोज, मन उदास किंवा कशातच रस नाही, सोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला दोष देणं यातलं काही असेल तर आम्ही डिप्रेशनचा विचार करतो, आणि तुम्हाला दोन महिने झालेत. आईला असणं हे तुमच्या रिपोर्टच्या सगळ्या पानांपेक्षा मोठी माहिती आहे, पहिल्या नात्यात असेल तर धोका साधारण दोन ते तीन पट धरतात, आणि त्यात हजारो जीन, घरातलं वातावरण सगळं एकत्र मोजलं जातं. तरीही बहुसंख्य मुलांना तो आजार होत नाही हेही तितकंच खरं. या आठवड्यात फॅमिली डॉक्टर किंवा सायकियाट्रिस्टला भेटा. आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी१२ बघून घेऊ दे, चौतिशीतल्या बायकांत यातलंच काही सापडणं नवं नाही. सौम्य असेल तर नुसत्या समुपदेशनानेही बरं वाटतं, सगळ्यांनाच गोळी लागते असं नाही. जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार मनात आला तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

जाताना डीएनएचा रिपोर्ट न्या, हरकत नाही, पण त्याच्यावर एक साधा कागद ठेवा. त्यात लिहा की आईला कुठली गोळी, किती मिलिग्रॅमची, केव्हापासून, आणि त्याआधी कुठल्या बदलून झाल्या, कारण घरात एकाला जी मानवली ती डॉक्टर आधी विचारात घेतात. घरात कुणाला कधी उलटं झालं होतं का, म्हणजे आठवडाभर झोप न लागताही प्रचंड उत्साह, बेसुमार खर्च, बडबड, हे तर न विसरता लिहा, कारण बायपोलरचा इतिहास असेल तर नुसती डिप्रेशनची गोळी चालत नाही. तुमची झोप किती वाजता तुटते, पाळीच्या आधी त्रास वाढतो का, आणि सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, आयुर्वेदिक, पेनकिलर, गर्भनिरोधक सगळ्या.